सादोचा समुद्र

निइगाताच्या इस्पितळात मी औषधांच्या रांगेत बसले होते. टीव्हीवर ती मालिका चालू होती, मरणाऱ्या माणसांची शेवटची इच्छा पुरी करणाऱ्यांची. शेजारी एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांची लेक.

“आई, आपणही बाबांना विचारूया ना, काय हवंय ते.”

“कसं विचारायचं, मिनोरी? साधा अल्सर आहे असंच सांगितलंय आपण त्यांना.”

“म्हणून काही न विचारताच जाऊ द्यायचं?”

“काल आपणहूनच बोलले. वर खोलीत हीच मालिका बघत होते. म्हणाले, बिचारा! मग म्हणाले, सादोला जाऊ गं एकदा, माझ्या गावचा समुद्र बघू.”

“मग नेऊ की! बोटीनं कितीसं लांब आहे? डॉक्टरांना विचारलंस?”

“विचारलं. म्हणाले, न्यायचं तर याच आठवड्यात न्या.”

“मग अडलंय कुठं?”

“अगं, इतके दिवस डॉक्टर त्यांना खालच्या बागेतसुद्धा सोडत नव्हते. आता एकदम बोटीनं गावी चला म्हटलं, तर त्यांना कळणार नाही?”



“मग तू काय म्हणालीस त्यांना?”

“म्हटलं, आधी नीट बरे व्हा. उन्हाळ्यात जाऊ.”