नायिकेचा टायफॉइड

तुम्ही म्हणता, लहानपणीच्या वाचनानं माणूस घडतो. असेल बुवा. मी मात्र एक पुस्तक बिघडवलं, ते ऐका.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत सावंतकाकूंना वाचता येत नव्हतं. शाळेतून आलो की मी त्यांना लायब्ररीतली कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि त्या मला गरम घावने घालायच्या. एका कादंबरीत नायिकेला टायफॉइड झाला. काकूंचा हात घावन उलटता उलटता थांबला.

"बाळ्या, हिला काही झालं ना, तर उद्यापासून येऊ नकोस. घावनेही बंद."

मी हळूच शेवटचं पान पाहिलं. नायिका मरत होती. लेखकाचं काय जातंय, त्याला कुठे घावने खायची होती! मी ते पान समोर धरून न छापलेला मजकूर घडाघडा वाचला, तिला बरं केलं आणि वर लग्नही लावून दिलं. काकूंनी डोळे पुसले आणि दोन घावने जास्त वाढली.

रविवारी त्यांच्या नणंदबाई मुलुंडहून आल्या. त्या चांगल्या शिकलेल्या. नेमका त्याच कादंबरीचा विषय निघाला.

"बिचारी शेवटी गेली हो," त्या हळहळल्या.

मी चपला शोधू लागलो. काकूंनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि मग त्या नणंदेकडे वळल्या.

"तुमच्या मुलुंडात धड डॉक्टर नसतील, वन्सं. आमच्या घाटकोपरात ती खडखडीत बरी झाली."