ती टेकडी आता कोणाकडे आहे?

शमीमभाभी, याकूबच्या पलटणीतून लांबून आलेल्या सोबत्यांनो, आणि मुकुटबनच्या माझ्या माणसांनो,

उभा राहिलो आहे, पण बोलणं जड जातंय. दुःख आहेच, पण कारण वेगळं आहे. शाळेच्या पटांगणातली ही गर्दी पाहिली आणि पहिल्यांदा मला काय वाटलं, ते खरं सांगतो. मला हेवा वाटला. माझ्या शोकसभेला यातले निम्मेही येणार नाहीत. हसू नका. बरं, हसा. याकूबला चाललं असतं.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. मी याच शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. सुभेदार याकूब माझा लहानपणापासूनचा दोस्त. फौजेतून आल्यावर त्यानं बाजारात मोटर वायंडिंगचं दुकान टाकलं. गेल्या मंगळवारी त्याच दुकानात, समोर मोटर उघडी ठेवून, बसल्या बसल्या गेला.

आम्ही दोघं फौजेच्या भरतीला यवतमाळला सोबतच गेलो होतो. धावण्यात मी त्याच्या पुढे होतो. हो, पुढे होतो! मग डॉक्टरनं माझे तळपाय पाहिले आणि सपाट म्हणून मला बाजूला काढलं. याकूब आत गेला, मी बसनं घरी आलो. तो हेवा त्या दिवशी सुरू झाला. मला वाटलं होतं वयानं तरी जाईल. नाही गेला.

लढाया मी शिकवायचो. कारणं, घटना, परिणाम. वर्गाच्या भिंतीवर मी स्वतः रंगवलेला नकाशा होता, तीन दिवाळीच्या सुट्ट्या त्यात गेल्या. पोरं त्या नकाशाला पाठ टेकून डबा खायची. आणि प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणा कोण? याकूब. शाल कोणाला? याकूबला. लग्नाच्या पंगतीत पुढं कोणाला बसवायचे? याकूबला. मी आपला पानठेल्यावर उभा राहून जगातल्या लढायांवर बोलायचो, पोरं मोबाईलवर बातम्या दाखवायची, कोणी म्हणायचं घुसलंच पाहिजे, मी म्हणायचो असं घुसा, तसं घुसा. याकूब येऊन चहा घ्यायचा. सगळं ऐकायचा आणि एकच शब्द विचारायचा.

"कायले?"

बस. कशासाठी? तेवढ्यानं सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळायची. माझं अर्ध्या तासाचं भाषण वाया जायचं. सांगा, हेवा वाटणार नाही?

आता जे सांगायला उभा राहिलो, ते सांगतो.

एका वर्षी शाळेत नवी खोली बांधणं सुरू होतं. पटांगणात रेतीचा ढीग होता. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं आणि याकूब भाषण न करता सरळ त्या ढिगाजवळ जाऊन बसला. फौजेत हल्ल्याच्या आधी अशी रेतीची टेकडी करून जवानांना समजावतात म्हणे. त्यानं हातानं टेकडी केली. नाला केला. लाल सुतळीचा रस्ता केला. उतारावर तीन गोटे ठेवले. पोरांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ते राहू द्या."

मग विचारायला लागला. "टेकडी घ्याची हाये. कायले घ्याची?"

"वर दुश्मन हाये म्हणून," एक पोरगा म्हणाला.

"दुश्मन तं कुठंबी अस्ते. हेच टेकडी कायले?"

"वरून रस्ता दिसते."

"शाब्बास. रस्ता कायले पायजे?"

"त्यायचं रेशन येते त्याच्यावरून."

"मंग रेशन थांबवून काय करान?"

याचं उत्तर मलाही आलं नसतं. तेव्हा तो म्हणाला, "मंग समोरचा बोलाले बसते. आपले मोठे लोक दिल्लीत बोलून राह्यले अस्ते, त्यायच्या हाती काई तरी पायजे ना. आमी वर गेलतो ते टेकडीसाठी नाई, बेटा. खाली बोलणं व्हावं म्हणून गेलतो. बोलणं कायचं कराचं हे ज्याले मालूम नाई, त्यानं लढाई सुरूच करू नये."

आणखी एक सांगितलं. तीन बाजूंनी जायचं, चौथी बाजू मोकळी सोडायची. "पळाले वाट ठेवाची. वाट नसली तं माणूस मरेपर्यंत लढते. आपल्याले त्याले माराचं नाई, हटवाचं हाये."

पोरं रेतीत गुडघे रोवून ऐकत होती. माझीच पोरं. एकतीस वर्षांत माझ्या तासाला एकही पोर असं बसलं नाही. जळलो मी. सरळ जळलो.

मला एक गोष्ट माहीत होती. मोटरची तार गुंडाळता गुंडाळता याकूबनं ती एकट्या मला सांगितली होती. ती टेकडी त्यांनी घेतली, त्याच्या पलटणीतले तिघं उतारावरच कामी आले, आणि पुढं बोलणी झाल्यावर टेकडी परत द्यावी लागली. दोस्तानं दोस्ताला सांगितलेली गोष्ट. आणि मी, सगळ्या शाळेसमोर, मास्तरच्या आवाजात विचारलं, "सुभेदारसाहेब, ती टेकडी आता कोणाकडे आहे?"

उत्तर माहीत असताना विचारलं. त्याला पाडायला विचारलं.

याकूबनं माझ्याकडे पाहिलं नाही. तीन गोटे उचलून खिशात टाकले. मग तळहातानं ती टेकडी सपाट केली. म्हणाला, "त्यायच्याकडे हाये. बोलणी झाली, हुकूम आला, आमी उतरलो. लढाईचं काम झालतं."

तेव्हा आठवीतली पूनम उठली. पूनम आज पांढरकवड्याला नर्स आहे, ती पाहा तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिनं विचारलं, "मंग ते तीन गोटे कायले होते, काका?"

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. अडचणीत दोस्ताकडे पाहतो तसं पाहिलं. त्याच्या वतीनं मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी शाळेच्या शिपायाला खूण केली. बेल द्यायला लावली. पोरं उठली, जिलेबीकडे पळाली.

त्यानं शिकवलं होतं, वाट ठेवायची. मी त्याला वाट ठेवली नाही. आणि त्यानं? संध्याकाळी निरोप पाठवला, "सर, तुमची मोटर झाली, घेऊन जा." गेलो. चहा झाला. त्या प्रश्नाबद्दल एक शब्द नाही. त्यानं मला वाट दिली आणि मी त्या वाटेनं निर्लज्जासारखा पळालो, तो इतकी वर्षं पळतच राहिलो. शाळेत त्यानं पुन्हा कधी रेतीला हात लावला नाही. ते तीन गोटे मात्र त्याच्या टेबलावर असायचे, बिलांवर ठेवलेले. तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत.

काल मी भाभींकडे गेलो. म्हटलं, भाभी, माझ्याकडून एक गुन्हा झाला आहे. त्या म्हणाल्या, "मले मालूम हाये. ते म्हणत, सरानं बराबर इचारलं. तेच इचाराले पायजे होतं, पण आमाले इचारून काय फायदा, ज्यायनं पाठवलं त्यायले इचारा म्हणा."

ऐकलंत? माझं पापसुद्धा त्यानं शहाणपणाच्या खात्यात टाकलं. इथंही हाच पुढं! मेल्यावरसुद्धा मला याचा हेवाच करायला लावतो. आता भांडू कोणाशी?

मग मी भाभींना त्या तिघांची नावं विचारली. त्यांनी न थांबता सांगितली. रोज सकाळी दुकानाचं शटर उचलताना तो ती घ्यायचा, त्यांना पाठ झाली होती. मी एकतीस वर्षं पोरांकडून राजांची नावं घोकून घेतली, चुकली तर छडी मारली. आणि शंभर पावलांवर बसणाऱ्या दोस्ताला ही तीन नावं कधी विचारली नाहीत.

पूनम, उभी राहा बेटा. उत्तर उशिरा देतोय. ते गोटे म्हणजे हरपाल. तुकाराम. जोसेफ. टेकडी परत देता येते, बोलणी पुन्हा करता येतात, यांना परत आणता येत नाही. म्हणून याकूब ठेल्यावर सगळ्यांना कायले म्हणून विचारायचा. याच्यापुढचं मला माहीत नाही. मास्तर असून माहीत नाही.

आता सगळे उठू या. चौघांसाठी उभे राहू. शिपाई तिकडे बेलजवळ उभा आहे, त्याला मी सांगून ठेवलं आहे, आज बेल द्यायची नाही. पूनम खाली बसेल, तेव्हाच आपण बसायचं.