गळ्यातलं कुलूप

(फेन नदीकाठच्या एका गावातलं सोनाराचं दुकान. सकाळ. उस्ताद यान शेगडीपाशी, त्याची बायको, म्हणजे काकू, तार पुसत बसलेली, समोर बाकावर हाओंच्या घरची दहा वर्षांची दोंगयेन, गळ्यात चांदीचं कुलूप.)

उस्ताद : पुन्हा बोल. माझा विश्वास बसत नाहीये.

दोंगयेन : हे काढायचं. वितळवायचं. त्याच चांदीचं आमच्या बाळाला, माझ्या भावाला करायचं. आत्या म्हणाली, त्याचे शंभर दिवस भरायच्या आत व्हायला हवं.

काकू : आत्या म्हणाली! आणि त्या आत्याच्या कानांत दोन-दोन भोकं नि चारी भोकांत चांदी, ती नाही वाटतं वितळत? तिला काय वेगळा विस्तव लागतो?

उस्ताद : तू जरा थांब गं. दोंगयेन, तू किती वर्षांची?

दोंगयेन : दहा.

उस्ताद : आणि कुलूप कधी काढतात?

दोंगयेन : बाराव्या वर्षी.

उस्ताद : मग? माहीत असून आलीस? अगं, जीव निसटू नये म्हणून घालतात हे. बाराच्या आत काढलं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपण्यासारखं. माझ्या बापाने दोनशे कुलपं केली असतील, एकही आधी काढलं नाही.

दोंगयेन : चालेल.

उस्ताद : काय चालेल?

दोंगयेन : उघडं राहिलं तरी.

काकू : ऐकलंत? दहा वर्षांची कार्टी कशी बोलते बघा! ए, इकडे बघ. सकाळपासून काय खाल्लंस?

दोंगयेन : आठवत नाही.

काकू : बाजरीची पेज आहे, वरून लोणचं देते. घे ना.

दोंगयेन : नको. उस्ताद, तुम्ही काढणार नसाल तर मी पुलाजवळच्या लोहाराकडे जाते. तो म्हणाला, कातरीने एका घावात कडं तोडून देतो.

उस्ताद : लोहार! त्याच्या कातरीने गाढवाचे नाल कापतात. आणि हे काय आहे ठाऊक आहे तुला? ये, उजेडात ये. हनुवटी वर कर. हा बघ, अंगावर खवले असलेला प्राणी, पाठीवर मूल, घरात लेकरू आणतो म्हणतात. पत्रा राळेवर ठेवून माझ्या बापाने मागून ठोकलाय, सहाशे-सातशे घाव असतील, एकही आरपार गेलेला नाही. ही कडेची फुलं केसाएवढ्या तारेची. तार वळायची, कंदाच्या डिंकाने चिकटवायची, मग फुंकणीने जाळ फुंकून डाख द्यायचा, म्हणजे सांधा पक्का. फुंकर जरा जोरात गेली की फूल गेलं, तारेचा नुसता थेंब उरतो. आता हे कोण करतं? शहरातून साच्यात दाबलेली येतात, टोपलीभर.

काकू : झालं ह्यांचं सुरू. पोरीला मान वर करून किती वेळ उभी ठेवणार?

उस्ताद : आणि चांदी! शंभर घरांची चांदी आहे ही. कुणी मोडकी पिन दिली, कुणी बटण दिलं, त्या गंग म्हातारीने तर दातकोरणं दिलं होतं. तुझी आई तुला पोटाशी बांधून दारोदार फिरली. थंडी अशी, की ती इथे आली तेव्हा तिला मूठ उघडता येईना. मी बोटं सोडवून चांदी काढून घेतली.

दोंगयेन : हो. सांगायची ती.

उस्ताद : मग ते लोहाराच्या कातरीखाली घालशील?

दोंगयेन : आई नाही आता.

काकू : बाळ, काढायचंच होतं तर किल्लीने काढता आलं असतं. ह्यांच्या बापाची कुलपं खोटी नसत, खरोखरची उघडत. किल्ली कुठाय?

दोंगयेन : आईकडे.

काकू : म्हणजे तिच्या पेटीत?

दोंगयेन : तोंडात.

काकू : काय?

दोंगयेन : ती गेली तेव्हा अंग पुसायला आलेल्या बायका म्हणाल्या, तोंडात चांदी ठेवायला हवी, रिकाम्या तोंडाने पाठवायचं नाही, आण लवकर. बाळ रडत होतं. बाबा दारात बसले होते, ते उठेनात. आत्या म्हणाली, घरात चांदी नाहीच. किल्ली खुंटीला होती. मी दिली.

उस्ताद : कुणी पाहिलं नाही? किल्ली आहे म्हणून?

दोंगयेन : एवढीशी तर होती. लाल दोरा तोडला मी. त्यांनी नुसती चांदी पाहिली.

काकू : अरे देवा.

दोंगयेन : नंतर आत्या म्हणाली, मूर्ख आहेस, आता तुझं कुलूप कोण उघडणार. मी म्हटलं, नाही उघडलं तरी चालेल. मग ती म्हणाली, तोडून आण.

काकू : त्या बाईला मी...! अहो, बोला काहीतरी. नुसते फुंकणी हातात धरून काय बसलात?

उस्ताद : मी तोडणार नाही.

दोंगयेन : बरं. लोहाराकडे जाते.

उस्ताद : बस खाली! बस म्हणतो ना. तुला वाटतं किल्ली हरवली. हरवली कुठे? जिच्याकडे असायला हवी तिच्याकडेच आहे. किल्ली आईकडे असते, हाच रिवाज. ती म्हणेपर्यंत तुला कुणी हलवायचं नाही. आत्यानेही नाही, लोहारानेही नाही.

दोंगयेन : ती म्हणणार नाही काही. ती मेलीये.

उस्ताद : म्हणूनच वेळेआधी उघडायचं नाही. बाराची झालीस की इथे ये. मेण कोमट करून आत घालीन, ठसा घेईन, दुसरी किल्ली घडवीन. तोवर राहू दे गळ्यात.

दोंगयेन : मग बाळाचं?

काकू : बाळाला नवं. ही घे.

उस्ताद : अगं, तुझी लग्नातली पिन ती!

काकू : केस उरलेत किती आता? तीन. त्यांना कशाला पिन? हे एक घर झालं. राहिली नव्व्याण्णव.

दोंगयेन : ती कोण मागणार?

काकू : तू. बाळाला पोटाशी बांधायचं आणि दार वाजवायचं. लोक मूल बघून देतात, नुसत्या तोंडाला देत नाहीत.

दोंगयेन : मी त्याला घेत नाही.

काकू : घेत नाहीस म्हणजे?

दोंगयेन : अजून घेतलंच नाही. रात्री रडतो. मी जागीच असते. उठत नाही.

काकू : मग उठतं कोण?

दोंगयेन : कुणीच नाही. रडून रडून झोपतो.

उस्ताद : बाप?

दोंगयेन : ते भिंतीकडे तोंड करून असतात.

काकू : दोंगयेन, तुला त्याचा राग येतो का गं?

दोंगयेन : नाही. काहीच येत नाही. सगळे विचारतात, रडली का नाहीस. मला रडू पण येत नाही.

काकू : नाही आलं तर नाही. चांदी मागायला रडू लागत नाही, पाय लागतात. पलीकडच्या गल्लीतून सुरुवात कर, चहावाल्याची बायको नाही म्हणायची नाही. गंग म्हातारीकडे जाऊ नकोस, तिच्याकडे दातच उरले नाहीत.

उस्ताद : ऐंशी घरं झाली तरी आण. मी भागवतो. बापाने कधी मोजली नाहीत, मीही नाही मोजणार.

दोंगयेन : बाळाच्या कुलपावरही फुलं करणार?

उस्ताद : तारेची. डोळे साथ देत नाहीत, पण करीन. आणि किल्लीही खरी.

दोंगयेन : ती कुणाकडे राहणार?

काकू : आत्याकडे मुळीच नाही. ती विकून खाईल. बाप तर भिंत बघत बसलाय. कोण उरलं?

दोंगयेन : मी?

काकू : तू.

दोंगयेन : म्हणजे तो बाराचा होईपर्यंत मी तिथे असायला हवं.

उस्ताद : हो. किल्ली घेऊन कुठे जाता येत नाही.

दोंगयेन : आत्ता तो एकाचा.

काकू : जन्मला की एकाचा, हे काय सांगायला हवं? अकरा वर्षं राहिली.

दोंगयेन : तेव्हा मी एकवीस वर्षांची असेन.