तसबिरीची काच कोणाकडून फुटली

मी, सौ. गौतमी मुरलीधर जांभूळकर, वय ४३ वर्षे, धर्म बौद्ध, व्यवसाय घरकाम, राहणार रेल्वे क्वार्टर, जयपूर, मूळ गाव उमरेड, जिल्हा नागपूर. स्वतः ठाण्यात येऊन जबाब देते की,

माझे पती रेल्वेत फिटर असून कॉलनीच्या जयंती समितीचे अध्यक्ष आहेत. घाईत मला हिंदी सुचत नाही, म्हणून मराठीत सांगते. मुलगी निशिगंधा लिहून घेत आहे, हिंदी प्रत तीच करून देईल.

आज दि. १४ एप्रिल २००७ रोजी सकाळी आठला बाबासाहेबांची मिरवणूक निघणार होती. साडेसातला आमचे शेजारी गुलाबराव आवघडे हलगी घेऊन मैदानात आले. ते रेल्वेत गँगमन आहेत, मूळचे औशाचे, मातंग समाजाचे. अकरा वर्षे आम्ही समोरासमोर राहतो. त्यांच्याकडचा चहा घेतो. जेवायला कधी बसलो नाही.

समितीचे उत्तमराव त्यांना म्हणाले, "हलगी आम्ही गावातच सोडून आलो. तुमच्या देव्हाऱ्यात अजून खंडोबा आहे. तुम्ही मागून चाला."

गुलाबराव म्हणाले, "मी कुणाच्या दारात वाजवाय आलो नाही. बाबासाहेब काय तुमचे एकट्याचेच हायत?"

पावणेआठला सजवलेल्या हातगाडीवरून तसबीर पडली व काच फुटली. गुलाबराव जवळ उभे होते. "यानेच ढकलली," असे उत्तमराव म्हणाले. लोकांनी गुलाबरावांना धरले. शर्ट फाटला. बंदोबस्तावरच्या पोलिसांनी त्यांना इथे आणले.

मी गाडीमागे हार बांधत होते. माझे पती निळे कापड ताणत होते, त्यांचे कोपर लागून तसबीर पडली. हे मी पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. दोघेही बोललो नाही.

नंतर मी घरी गेले. गुलाबरावांच्या पत्नी भागुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला काही विचारले नाही. मी घरात न जाता निशिगंधाला बाहेर हाक मारली आणि तिला घेऊन निघाले. पुलावरून धावतच ठाण्यात आले. एक चप्पल तुटली, ती तिथेच राहिली.

जबाब इथवर आला असता माझे पती ठाण्यात आले. मला वाटले, मला घरी न्यायला आले. ते हवालदारांना म्हणाले, "भैयाजी, काँच मुझसे टूटा. उनका कुछ नहीं, मेरा नाम लिखो." मला रडू यायला हवे होते, हसू येत होते. निशिगंधाने माझा हात दाबला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी गुलाबरावांना सोडले. पती त्यांना म्हणाले, "चला, मिरवणूक अजून थांबली आहे. सगळ्यांच्या पुढे चाला." गुलाबराव म्हणाले, "बघू. आधी शर्ट बदलतो." पती त्यांच्यासोबत गेले.

जबाब पतीविरुद्ध आहे, ठेवायचा का, असे हवालदारांनी विचारले. मी ठेवा म्हटले. मुलीने सर्व मोठ्याने वाचले, मी बोलले तसेच आहे, कोणाच्या दबावाने दिलेला नाही. सही वाकडी आली. ती माझीच आहे.

(सही) गौतमी मु. जांभूळकर