कैरोत जेवाल तर

—निस्तं ‘कैरोला’ म्हनून कसं चालंल, दादा? तितं जेवनार कुटं, त्ये ठरवलंय का? बसा, आमटी वाढते अजून. ह्या देहूरोडच्या खानावळीतनं कितीतरी पोरं पल्टनीबरुबर त्या मुलखाला गेली, जाताना हितंच भाकर खाऊन गेली, परत आली ती हितंच बोलत बसली — म्या कैरो बघितलं न्हाई, पर तितलं खायाचं ठिकान न् ठिकान मला पाट हाय. हसू नका. ठेसनासमोर झगमग दिव्यांचं हाटेल हाय, तितं पाऊल टाकू नका — गोऱ्यांचा मान पैला, तुमाला उभंच ठेवत्याल. कोळशावरचं मटन मातुर इचारून खायाचं, कशाचं हाय म्हनून — तुमी मावळातलं, तुमाला काय सांगाया पायजे! खरं जेवन ट्रामच्या रुळाला धरून पुढं — मोठी मशीद लागती, तिच्या मागं बोळ, बोळात भट्टीवाला. पावट्याएवढं काळपट दानं रातभर हंड्यात शिजवत्यात, वरनं तेल, जिरं, लिंबू. आन भट्टीतनं भाकर निगती, फुगलेली, आपल्यावानीच. तितंच जावा. दुसरीकडं कुटं जाऊ नका, माझ्या गळ्याची आन हाय.

का? — आवो, सांगते ना. सकाळच्या पारी जावा, पैली भाकर भट्टीत जायाच्या आदी. तितं एक दाढीवाला भाकरी भाजतो, त्याच्या हाताकडं बघायचं. त्यानं पिठाची चिमूट मोडून आदी इस्तवात टाकली — आपन चुलीला घास देतो ना, तशी — तर समजायचं... आता तुमच्यापासनं काय लपवू. तर समजायचं, त्यो माजा हौशीराम. म्याच शिकवलं त्याला, एवढासा हुता तवापासनं — चुलीला दिल्याबिगर आपन खायाचं न्हाई. सरकार म्हनतं मेला, वाळवंटातल्या लढाईत. पर इंदुरीचा नथू रजेत तितं जेवाया गेलता, त्यानं बघितलं. दाढीत तोंड कळंना, पर त्या चिमटीवरनं वळखलं. हाक मारली तर ह्यानं तोंड फिरवलं. भ्याला असंल वो. पोरसवदा, भवती मानसं मरताना बघितली, पळालं. पळालं तर पळालं, जित्तं तर हाय! नथूनं शपथ घातलीया, कुनाला सांगू नको म्हनून — सोमाटण्याच्या बजरंगला न्हाई का, पल्टनीतनं पळाला तर दंडाला लाल पट्टीवालं शिपाई आलं आन दोरखंडानं बांधून नेला, त्याच्या घरी अजून चूल धड पेटत न्हाई. पर म्या किती गिळू? आत माझी सून हाय, शालू. माझा धाकला दीर दत्तोबा रोज भावकी घेऊन येतो — वहिनी, तिचं कुंकू पुसा, पोराचा दहावा करू. म्या दारात आडवी पडते. म्हनते, माझ्या मढ्यावरनं जावा आन मग पुसा. खरं कारन सांगता येत न्हाई, सगळ्यांत येडी ठरलेय. लेकरा, तुझ्या पाया पडते, तितंच जेव. भाकर घेताना हळूच म्हन, शालूच्या कपाळी कुंकू हाय, आई त्ये पुसू देत न्हाई. येऊ नको म्हनावं. निस्तं ऐकून घे म्हनावं.

पल्टनीचा नंबर? — त्यो कशाला? जेवाया जायाला पल्टन कशाला लागती? आन नथूचं आडनाव कशाला पायजे तुमाला?... हात पुसताय व्हय, हा पंचा घ्या की, खिशातनं रुमाल कशाला — त्ये काय पडलं?

लाल पट्टी.

न्हाई... न्हाई साहेब. म्या येडी हाय, कुनालाबी इचारा. कोन नथू? मला कुनी नथू ठावं न्हाई, थकलं मानूस काय बी बडबडतं. माजा पोरगा मेला. सरकारनं सांगितलं न्हवं मेला म्हनून — मग मेला! कैरोत कोन भाकरी भाजतंय, मला काय त्याचं. इस्वास बसंना? थांबा. शालू! ए शालू, भाईर ये. राहू दे चुलीवरचं, ये. हितं उभी ऱ्हा, साहेबांच्या म्होरं. कुंकू पूस. माझ्याकडं बघू नको — पूस म्हनते ना! पदरानं... सरक इकडं, म्याच पुसते.

बघितलं, साहेब? रांडमुंड हाय माझी सून. उठा आता. जेवन झालं तुमचं.