केसभर जागा सोडणाऱ्या आम्रपालीबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय रंगनाथराव बेहेरे, प्रमुख पाहुण्या आणि आपल्या माजी विद्यार्थिनी तनुजाताई काळभोर, मुख्याध्यापिका अक्षताताई, आजच्या सत्कारमूर्ती आम्रपालीबाई भालेराव, सहकारी, पालक, विद्यार्थिनींनो, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे पाहणाऱ्या तमाम सज्जनांनो, आपणां सर्वांना सादर नमस्कार.

संस्कृतच्या मास्तरानं थ्रीडी प्रिंटरवर बोलावं, ही आमच्या मुख्याध्यापिकांची कल्पना. माझी पात्रता इतकीच, की माझा वर्ग बाईंच्या कार्यशाळेला लागून आहे. मध्ये एका विटेची भिंत. गेली काही वर्षं माझी सुभाषितं पलीकडच्या हातोडीच्या तालावर म्हटली जातात. मुलींचं पाठांतर त्यामुळे सुधारलं, हे मी आज नाइलाजानं मान्य करतो.

बाईंच्या कार्यशाळेआधी आपल्या शाळेत कार्यानुभव म्हणजे काय होतं? क्रेप कागदाची फुलं. तीच फुलं दर वर्षी, तीच पाहुण्यांच्या टेबलावर. मग तनुजाताईंच्या हिंजवडीच्या कंपनीनं नवं यंत्र घेतलं आणि जुना प्रिंटर त्यांनी रिक्षात घालून कसबा पेठेत आणला. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू घडवणारं यंत्र! आम्ही सगळे जमलो. कुणी हार घातला, कुणी नारळ फोडला. बाईंनी काय केलं? त्यावर कापड टाकलं आणि मुलींना पुठ्ठा, कात्री, पट्टी दिली. म्हणाल्या, "आधी हातानं करा. हाताला कळलं, की संगणकाला सांगा."

बाईंचे वडील कारखान्यात फिटर. धम्मदीक्षा घेतलेलं घर. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून बघा, हे त्या घरात जेवताना ऐकलेलं. त्यामुळे बाईंचा दुसरा नियम आला. फसलेली वस्तू टाकायची नाही. तिला चिठ्ठी बांधायची, करणारीचं नाव आणि फसण्याचं कारण लिहायचं आणि काचेच्या कपाटात ठेवायची. कपाट कुठलं? जिथे आपल्या बक्षिसांच्या ढाली होत्या ते! एका पालकांनी विचारलं, "अहो, ही मोडतोड काय दाखवायची?" बाई म्हणाल्या, "ढाली पाहुण्यांसाठी होत्या. हे मुलींसाठी आहे." पालकांनी चष्मा काढला आणि कपाटातली एकेक चिठ्ठी वाचून काढली. सदाशिव पेठेतले होते, तरीही.

आता अध्यक्षमहाराज, आपली परवानगी गृहीत धरून एक गोष्ट सांगतो. आपण एकदा ही कार्यशाळा बंद करायला आला होतात. खोली स्कॉलरशिपच्या तासांना द्यायची, हे जवळजवळ ठरलेलं. मुलींना वाटलं, काहीतरी उपयोगाचं करून दाखवलं तर खोली वाचेल. पाण्याच्या टाकीच्या नळांच्या मुठी नेहमी तुटायच्या. मुलींनी नळाची दांडी काटेकोर मोजली, तेवढ्याच मापाचं भोक ठेवून नवी मूठ छापली आणि आपल्यासमोर बसवायला घेतली.

बसेना. माप तंतोतंत, म्हणूनच बसेना! साईनाथमामा शिपाई, ते देवाचं नाव घेऊ लागले. एक मुलगी रडकुंडीला आली, "बाई, सगळं संपलं." बाई म्हणाल्या, "संपलं कुठे? आत्ता तर तास सुरू झाला." आणि आपल्याकडे वळून म्हणाल्या, "बसा ना सर. दोन वस्तू एकमेकींत बसवायच्या, तर मध्ये केसभर जागा सोडावी लागते. मुली ते आज शिकतायत." आपण बसलात, तेही मुलींच्या बाकावर. थोड्या वेळानं मी डोकावलो, तर कार्याध्यक्षांच्या हातात गोल कानस! आपण भोक घासत होतात आणि आठवीतली मुलगी सांगत होती, "सर, हळू. एकाच बाजूनं नको." आपण मात्र जास्तच घासलंत. ती सैल झालेली मूठ आपल्या नावाच्या चिठ्ठीसकट आजही कपाटात आहे. खोली राहिली, याचं श्रेय मी त्या मुठीला देतो.

बाई, तुमचा मत्सर वाटतो मला. माझ्या तासाला मुली चुकल्या, की मान खाली घालतात. तुमच्या तासाला चुकल्या, की एकमेकींना हाका मारतात. शिकवणं म्हणजे काय, हे मी या वयात भिंतीपलीकडून ऐकून शिकलो.

जूनपासून शिक्षकखोलीत कुजबुज होती, की बाई निवृत्त झाल्या की खोलीला कुलूप लागणार. मुलींनीही ती ऐकली होती. म्हणून आज सकाळची बातमी मी फोडतो. रंगनाथरावांनी खोलीची किल्ली मुलींकडे दिली. म्हणाले, "बाईंना द्या. खोली हलणार नाही. आणि आठवड्यातून दोन दिवस त्यांनी यावं, अशी माझी विनंती सांगा."

मुलींनी त्या किल्लीसाठी स्वतः डबी केली. ही पाहा टेबलावर. सुबक आहे. किल्ली आत ठेवली, झाकण दाबलं आणि आता ते कुणालाच उघडत नाही. तनुजाताईंनी प्रयत्न केला, अक्षताताईंनी केला, साईनाथमामांनी तर दात लावायचीही तयारी दाखवली. घाईच्या आनंदात मुली केसभर जागा सोडायला विसरल्या! चौथ्या रांगेत त्या माना खाली घालून बसल्या आहेत. मुलींनो, वर बघा. बाई हसतायत.

दुसरी किल्ली मामांकडे आहे, त्यामुळे काळजी नको. आपण सर्वांनी माझं बोलणं गोड मानून घेतलंत, मी आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द टोचला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मीही आज कानस हाती घेतलेला माणूस आहे, कुठे जास्त घासलं गेलं असेल.

बाई, डबी तशीच बंद ठेवतोय. सोमवारी कानस घेऊन या, मुली तास सुरू व्हायची वाट पाहतायत.