साच्याचा पत्रा

भूमच्या बसस्थानकात परंड्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या प्रमोदिनीबाईंनी पेपर उघडला खरा, पण कान मागच्या बाकड्याकडेच लागले. तिथं एक म्हातारी आणि तिची नात मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

“आज्जी, हा माझा फॉन्ट. आपल्या दुधाच्या कॅनवर नाव आहे ना, त्यावरून सगळी अक्षरं तयार केली.”

“निकिते, मधी मधी तुटलीत की गं.”

“पत्र्याच्या साच्यातून रंगवलेली अक्षरं तशीच असतात. पत्रा कापताना मधे पट्टी ठेवली नाही, तर ‘ठ’चं पोट गळून पडेल.”

“आन् वाकडी का?”

“वाकडी नाहीत, तिरकी! दूध पोचवायची घाई दिसते त्यात. कॉलेजात असंच सांगितलं मी. सरांनी टाळ्या वाजवल्या.”

“कसली घाई न् काय! तुझे आबा ब्रश मारायचे, म्या पत्रा धरायची. नवी नवरी म्या, सासू उंबऱ्यात बसलेली. लाजून तोंड फिरवायची, मग पत्रा कलायचाच.”

“अरे देवा! आबा रागवायचे?”

“लई! ‘सरळ धर’ म्हणून वरडायचे. आन् रंग उडाला की पुन्हा मलाच हाक.”

“सुतळीनं बांधायचा की कॅनला.”

“सुतळी खिशातच असायची त्यांच्या.”

परंड्याची गाडी लागली. प्रमोदिनीबाई काही उठल्या नाहीत.

“मग आता अक्षरं सरळ करू का, आज्जी?”

“हात तर लावून बघ!”